अर्ज म्हणजे परवाना नव्हे

रविवारी सकाळी डोंबिवलीतल्या किंवा नाशिकमधल्या एखाद्या घरी न्यू जर्सीहून दूरध्वनी येतो. एरवी नातवाच्या शाळेपासून गणपतीच्या तयारीपर्यंत रंगणारे बोलणे त्या दिवशी लवकर आटोपते. लेक सांगते, "उद्यापासून कामाला जायचे नाही. कार्डाची मुदत संपली आणि नवे अजून आलेले नाही." इकडे बसलेल्या वडीलधाऱ्यांना यातले काही उमगत नाही. कंपनीची तिच्याविषयी तक्रार नाही, व्हिसाची मुदत शिल्लक आहे, जावई कामावर आहे, नव्या कार्डाचा अर्ज शुल्क भरून वेळेत दिलेला आहे आणि त्याची पोचही हाती आहे. मग घरी बसायचे ते कशासाठी? थोड्या शांततेनंतर कोणीतरी सुचवते, "अगं, तोवर ओळखीच्या कोणाच्या दुकानाचे हिशेब बघ. रोखीने घे. कोण येतेय विचारायला?"

हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो. घराच्या कर्जाचे हप्ते, मुलांच्या पाळणाघराचा खर्च आणि शिकलेल्या मुलीची तगमग यांची काळजी त्यामागे असते. तरीही तो चुकीचा आहे आणि अनेकदा घातक ठरणारा आहे. तो का चुकीचा आहे हे समजून घेतले पाहिजे, आणि तो देण्याची पाळी ज्या व्यवस्थेने आणली तिच्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

अमेरिकेत परकीय नागरिकाला वास्तव्याचा अधिकार आणि काम करण्याचा अधिकार हे दोन वेगळे अधिकार मानले जातात. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी ६ नोव्हेंबर १९८६ रोजी ज्या स्थलांतर सुधारणा कायद्यावर स्वाक्षरी केली, त्याने कामगाराच्या अधिकाराची पडताळणी करण्याची जबाबदारी नियोक्त्यावर टाकली. तेव्हापासून तेथे नोकरीवर घेतलेल्या प्रत्येकाला, मग तो अमेरिकी नागरिक असो वा परकीय, आय-९ हा नमुना भरावा लागतो. कर्मचाऱ्याने पहिल्याच दिवशी आपला दर्जा लिहून द्यायचा आणि नियोक्त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कागदपत्रे तपासून सही करायची. परवान्याला मुदत असेल, तर ती संपताच पुन्हा तपासणी करायची. ज्यांचा व्हिसाच त्यांना काम करू देत नाही, त्यांनी आय-७६५ हा अर्ज करून रोजगाराचा परवाना, म्हणजे आपल्या मंडळींच्या बोलण्यातले 'ईएडी कार्ड', मिळवायचा असतो. या अर्जाची पोच म्हणजे अर्ज विचाराधीन असल्याचा पुरावा. काम करता येते याचा पुरावा म्हणून ती सर्वसाधारणपणे चालत नाही. कार्ड हरवले वा खराब झाले म्हणून मागितलेल्या दुसऱ्या प्रतीची पोच ९० दिवस चालते. पहिल्या परवान्याच्या अर्जाची पोच एक दिवसही चालत नाही.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते नेमके माहीत असणे आवश्यक आहे, कारण अर्धवट माहितीनेच अधिक माणसे अडचणीत येतात. एच-१बी व्हिसावर असलेला अभियंता नोकरी बदलत असेल, तर २००० सालच्या कायद्यानुसार नव्या कंपनीचा अर्ज रीतसर दाखल होताच तो तेथे रुजू होऊ शकतो. मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. त्याच कंपनीत मुदतवाढीचा अर्ज वेळेत दिला असेल, तर निर्णय होईपर्यंत २४० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येते. विज्ञान व तंत्रज्ञान शाखेच्या पदवीधर विद्यार्थ्याने प्रशिक्षणकाळाच्या वाढीव २४ महिन्यांसाठी वेळेत अर्ज केला असेल, तर त्याला जुन्या कार्डाची मुदत संपल्यावरही १८० दिवसांपर्यंत काम करता येते. पण त्याच विद्यार्थ्याचा पहिला प्रशिक्षण परवाना विचाराधीन असेल, तर कार्ड हाती येऊन त्यावरील प्रारंभाची तारीख उजाडेपर्यंत थांबावे लागते. कंपनी बदलीच्या एल-१ व्हिसावर गेलेल्यांच्या जोडीदारांना नोव्हेंबर २०२१ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर वेगळ्या कार्डाची गरज उरलेली नाही. प्रवेशनोंदीवरील योग्य शेरा त्यांना पुरतो. ग्रीन कार्डाचा अंतिम अर्ज विचाराधीन असलेला आणि एच-१बी दर्जा राखून असलेला नोकरदार त्या दर्जावर आपले काम करीत राहू शकतो.

या यादीत एच-१बीधारकाची पत्नी नाही, आणि आपल्या घरांतील बहुसंख्य दूरध्वनी तिचेच असतात. एच-४ या अवलंबित व्हिसावरील जोडीदाराला काम करण्याची मुभा २६ मे २०१५ पासून मिळू लागली, तीही ज्यांच्या पती वा पत्नीचा ग्रीन कार्डाचा प्रवास एका ठराविक टप्प्यापर्यंत पोहोचला आहे त्यांनाच. २०१७ अखेरपर्यंत या नियमाखाली प्रथमच परवाना मिळालेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भारतात जन्मलेल्या व्यक्ती होत्या आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण तितकेच मोठे होते. याचे कारण उघड आहे. नोकरीच्या आधारे दिली जाणारी ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,००० आणि कोणत्याही एका देशाचा सर्वसाधारण वाटा सात टक्के. त्यामुळे भारतीयांची रांग दशकाहून अधिक लांबते. ही मुभा रद्द व्हावी म्हणून २०१५ पासून दावा चालला. अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम उचलून धरला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रकरणात लक्ष घालण्यास नकार दिला. परवान्याचा अधिकार टिकला. पण तो परवाना वेळेवर हाती पडण्याची हमी मात्र नाहीशी झाली, आणि आजच्या प्रश्नाचे मूळ तेथे आहे.

ही हमी कशी संपली त्याचा क्रम पाहण्याजोगा आहे. पूर्वी बहुतेक प्रकारच्या अर्जांवर ९० दिवसांत निर्णय देणे स्थलांतर खात्यावर बंधनकारक होते. तसे न झाल्यास २४० दिवसांपर्यंतचा अंतरिम परवाना देण्याची तरतूद होती. १७ जानेवारी २०१७ पासून हे बंधन काढून टाकण्यात आले. त्याच्या बदल्यात असे सांगण्यात आले की, ठराविक वर्गांतील लोकांनी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केल्यास जुन्या कार्डाला आपोआप १८० दिवसांची मुदतवाढ मिळेल. एच-४ वरील जोडीदारांना हा लाभ मिळण्यासाठी न्यायालयात जावे लागले आणि तो नोव्हेंबर २०२१ च्या त्याच तडजोडीने मिळाला. अर्जांचे ढीग वाढले तेव्हा मे २०२२ मध्ये १८० चे ५४० दिवस तात्पुरते करण्यात आले. डिसेंबर २०२४ मध्ये ही वाढ कायम करण्याचा नियम निघाला. आणि ३० ऑक्टोबर २०२५ पासून ही आपोआप मिळणारी मुदतवाढच बंद झाली. त्या तारखेपूर्वी ज्यांचे अर्ज दाखल झाले त्यांचे संरक्षण टिकले. त्या दिवशी वा त्यानंतर अर्ज करणाऱ्यांना, काही मोजके अपवाद वगळता, जुन्या कार्डाची तारीख उलटताच काम थांबवावे लागते. शिवाय ग्रीन कार्डाचा अंतिम अर्ज विचाराधीन असलेल्यांच्या परवान्याची कमाल मुदत डिसेंबर २०२५ मध्ये पाच वर्षांवरून १८ महिन्यांवर आणण्यात आली. म्हणजे नूतनीकरणाची वेळ वारंवार येणार आणि प्रत्येक वेळी मध्ये खंड पडण्याची भीती राहणार. एच-१बी आणि एच-४ यांचे अर्ज एकत्र निकाली काढण्याची जी सोय जानेवारी २०२३ च्या दुसऱ्या एका तडजोडीने झाली होती, तिचीही दोन वर्षांची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली.

सारांश असा, की निर्णयाच्या ९० दिवसांचे वचन मुदतवाढीच्या बदल्यात काढून घेतले गेले आणि पुढे मुदतवाढही काढून घेतली गेली. ९० दिवसांचे वचन मात्र परत आले नाही. यातील अन्याय ओळखण्यासाठी कोणाला कायद्याची पदवी लागत नाही.

अमेरिकी शासनाची बाजूही न्याय्य बुद्धीने पाहिली पाहिजे. अर्जदाराची पार्श्वभूमी पुन्हा तपासून झाल्याखेरीज परवाना पुढे चालू राहू नये, देशाच्या सुरक्षिततेसाठी ही काळजी आवश्यक आहे, असे कारण त्यांनी दिले आहे. आपल्या सीमेत कोणी राहावे आणि कोणी काम करावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे. हा अधिकार आपण आपल्या देशासाठी आग्रहाने मांडत आलो आहोत. १९४६ च्या जुन्या कायद्याची जागा घेऊन १ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडेही परकीय नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला. आपल्या देशात नोकरीच्या व्हिसावर आलेल्या परकीयाच्या पत्नीलाही केवळ अवलंबित म्हणून नोकरी धरता येत नाही. त्यासाठी रीतसर अनुमती घ्यावी लागते. पुण्यात वा मुंबईत एखादा परकीय विनापरवाना काम करताना सापडला, तर त्याचा अर्ज कोठेतरी प्रलंबित आहे या सबबीने आपले समाधान होणार नाही. जे माप आपण इतरांना लावतो तेच आपल्या लेकीसुनांना आणि मुलांना लावले पाहिजे. परक्या भूमीवर राहणाऱ्या भारतीयाने तेथील कायदा पाळावा, ही अपेक्षा म्हणूनच रास्त आहे.

पण अधिकाराला कर्तव्याची जोड असते. तपासणी करण्याचा अधिकार आहे, तर ती वाजवी काळात पूर्ण करण्याचे कर्तव्यही आहे. शासनाने शुल्क घ्यायचे, अर्जदाराने सहा महिने आधी अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, प्रत्येक नियम पाळायचा आणि तरीही विलंबाची संपूर्ण किंमत अर्जदारानेच मोजायची, याला सुव्यवस्था म्हणणे कठीण आहे. अशा व्यवस्थेत नियम पाळणारा घरी बसतो आणि रोखीने काम करणारा कमावतो. कायद्याचा आदर टिकवायचा असेल तर कायदा पाळणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. म्हणून आमचे म्हणणे असे, की तपासणी हवी तितकी कसून व्हावी. परंतु निर्णयाची कालमर्यादा परत यावी, आणि ती पाळली न गेल्यास अंतरिम परवाना मिळावा. ही सवलतीची याचना नव्हे. २०१७ पर्यंत त्याच देशात हा नियम होता.

आता त्या रविवारच्या सल्ल्याकडे वळू. रोखीचे काम पकडले जाईलच असे नाही, हे खरे. परंतु ज्या कुटुंबाला त्या देशात पुढे ग्रीन कार्ड मिळवायचे आहे, त्याला आपला सारा कामाचा इतिहास पुढच्या अर्जांत स्वतःच्या सहीने लिहून द्यावा लागतो. विनापरवाना काम केल्याने व्हिसाचा दर्जा भंग पावतो. ज्या कामाबद्दल एरवी कोणालाही पगार दिला गेला असता, ते 'फुकट मदत' म्हणून नफ्याच्या धंद्यात केले तरी ते काम मानले जाऊ शकते. त्यावर कर भरला म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मागणाऱ्या कुटुंबांना एकूण १८० दिवसांपर्यंतच्या अशा चुकीबाबत कायदा अंतिम अर्जाच्या वेळी काही सूट देतो, हे खरे आहे. पण ती सूट मोडलेला एच-४ दर्जा सांधून देत नाही, आणि त्या भरवशावर कामाला लागणे म्हणजे विमा आहे म्हणून घराला काडी लावण्यासारखे आहे. पुढे त्याच स्त्रीला स्वतःचा एच-१बी मिळाला, तर नोकरी बदलताना लगेच रुजू होण्याची जी सोय वर सांगितली, तिच्यासाठीही विनापरवाना काम केलेले नसणे ही अट आहे.

सर्वांत गंभीर संकट एका चौकटीत दडलेले असते. आय-९ नमुन्यात आपला दर्जा निवडायचा असतो. घाईने किंवा कोणाच्या सांगण्यावरून 'अमेरिकी नागरिक' या चौकटीत खूण केली, तर १९९६ च्या कायद्याने ती खोट्या नागरिकत्वाची बतावणी ठरते. तिच्यामुळे स्थलांतराचे दार कायमचे बंद होऊ शकते आणि त्यातून माफीची वाट जवळपास नाही. काही महिन्यांच्या पगारासाठी आयुष्यभराची वाट बंद करून घेणारा व्यवहार कोणत्याही गृहस्थाला परवडणारा नाही.

घरबसल्या पुण्याच्या कंपनीचे काम संगणकावरून करावे काय, हा प्रश्नही वारंवार विचारला जातो. पगार पुण्याच्या बँकेत जमा झाला म्हणून काम पुण्यात झाले असे होत नाही. काम करणारी व्यक्ती कोठे बसली आहे हे तेथे पाहिले जाते. नियमांत याचे थेट उत्तर प्रत्येक वेळी सापडत नाही, आणि म्हणूनच परिचितांच्या अनुभवावर विसंबण्याऐवजी जाणत्या वकिलाचा लेखी सल्ला घेणे हाच शहाणपणा आहे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी १८० दिवसांपर्यंत आधी करता येतो. त्यांतला एकही दिवस वाया घालवू नये. मुदतवाढ बंद झाल्यानंतर हा दिनदर्शिकेचा प्रश्न घरखर्चाइतकाच महत्त्वाचा झाला आहे. दुसरी गोष्ट, कंपनीला आधीच कल्पना देऊन बिनपगारी रजेची लेखी विनंती करावी; पुष्कळदा चांगला कर्मचारी गमावण्यापेक्षा कंपनीला थांबणे परवडते. तिसरी गोष्ट, विलंबामुळे गंभीर आर्थिक हानी होत असेल तर अर्ज लवकर निकाली काढण्याची विनंती करता येते, आपल्या मतदारसंघातील काँग्रेस सदस्याच्या कार्यालयामार्फत चौकशी करता येते आणि विलंब अवाजवी असल्यास संघराज्य न्यायालयात दादही मागता येते. वर उल्लेखिलेल्या तडजोडी अशाच वाटेने मिळाल्या. चौथी गोष्ट, वैध परवाना असूनही एखादा नियोक्ता अमुकच कागद दाखवा असा हट्ट धरीत असेल, तर तो नियमाबाहेर जात आहे. १९८६ च्या त्याच कायद्याने अशा भेदभावाविरुद्ध संरक्षण दिले असून तक्रार ऐकण्यासाठी अमेरिकेच्या न्याय खात्यात स्वतंत्र विभाग आहे.

सक्तीच्या या रिकाम्या काळात एच-४ वरील व्यक्तीला शिक्षण घेण्याची मोकळीक आहे. सेवाभावी संस्थांत, जेथे काम खरोखरच स्वयंसेवकांचे असते, तेथे वेळ देता येतो. तेथील महाराष्ट्र मंडळे गणेशोत्सव आणि दिवाळी फराळ उत्साहाने करतात. त्यांनी वर्षातून दोनदा या विषयावर जाणकार वकिलांची बैठक ठेवली, तर अनेक घरे वाचतील. एखाद्या घरात अचानक एक पगार बंद झाला तर दोन महिन्यांचे भाडे बिनव्याजी देणारा आपत्कालीन निधीही मंडळांना उभारता येईल. अडचणीत सापडलेल्याला बेकायदा काम सुचविणारे पुष्कळ भेटतात. कायदेशीर मार्गावर टिकून राहण्याचे बळ देणारे थोडे असतात. संघटित समाजाची ओळख या दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी होते.

शेवटी येथल्या घरांसाठी एक शब्द. मुलीने वा सुनेने काम थांबविले म्हणून तिची योग्यता कमी झाली असे मानणे चूक, आणि "बरे झाले, आता घर सांभाळ" असे म्हणणे तितकेच चूक. तिने वर्षानुवर्षे घेतलेले शिक्षण, कमावलेले कौशल्य आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा आनंद तिच्याकडून एका तारखेने काढून घेतला आहे. हे दुःख खरे आहे आणि त्याला दुःख म्हणूनच मान दिला पाहिजे. तिच्याकडून पैशाची अपेक्षा असेल तर काही काळ ती बाजूला ठेवावी. आणि सारा विचार करून त्या दोघांनी परत यायचे ठरविले, तर 'जमले नाही म्हणून आले' असे शब्द आपल्या उंबरठ्यावर त्यांच्या कानी पडू नयेत. ज्या देशात काम करण्यासाठी त्यांना कोणापुढे अर्ज करावा लागत नाही तो देश त्यांचा स्वतःचा आहे.

पुढच्या रविवारी दूरध्वनी वाजेल तेव्हा "कोण येतेय विचारायला" हे वाक्य आपल्या तोंडून जाऊ नये. "नियमाने चालली आहेस, थांब, आम्ही पाठीशी आहोत" एवढे शब्द पुरेसे आहेत. निर्णयाला उशीर लावणाऱ्या व्यवस्थेला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार नियम पाळून थांबलेल्यांकडे असतो. तो अधिकार आपल्या लेकीसुनांकडे आज आहे. आपल्या एखाद्या घाईच्या सल्ल्याने तो त्यांच्या हातून जाऊ नये.